दोन मैदानं, एक चेंडू

लेकीकडं स्कॉटलंडला जायचं ठरलं तेव्हा मला एवढंच हवं होतं, की तिचं घर डोळ्यांनी बघावं आणि चार दिवस तिच्या हातचं आयतं खावं. आमच्या ह्यांनी मात्र वेगळंच मनात धरलं होतं. त्यांना समुद्राकाठी गोल्फ खेळायचं होतं.

गोल्फ आमच्या घरात कसं शिरलं ते आधी सांगायला हवं, कारण मलकापुरातल्या शेजारणी मला अजूनही तेच विचारतात. मी कराड तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते. हे फौजेत होते. ह्यांचं मूळ घर आटपाडीकडचं, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. एका पोस्टिंगवर ह्यांच्याकडं छावणीतल्या गोल्फच्या मैदानाची देखभाल आली. गवत कापायचं, पाणी सोडायचं, खेळणाऱ्यांनी उकरलेली ढेकळं परत बसवायची. एका संध्याकाळी मैदान रिकामं असताना ह्यांनी कुणाचा तरी क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, उचलला आणि एक चेंडू मारून बघितला. तेव्हा जे वेड लागलं, ते ह्यांनी सुभेदार म्हणून पेन्शन घेतली तरी उतरलं नाही.

घर आम्ही मलकापुरात बांधलं, पण ह्यांचा जीव गावाकडच्या माळावर. वर डोंगराच्या कडेला पवनचक्क्या, खाली मुरमाड जमीन, उन्हाळ्यात पत्र्यासारखी टणक. तिथं ह्यांनी सहा होलचं, म्हणजे चेंडू घालायच्या सहा खळग्यांचं, मैदान केलं. हिरवळ उगवायचा प्रश्नच नव्हता. म्हणून होलभोवती वाळू पसरून तिच्यात गाडीचं जळकं ऑइल कालवलं, वरून पोतं ओढून सपाट केलं. जुन्या मैदानांवर असंच असतं म्हणे, त्याला ब्राउन म्हणतात. ह्यांचा धाकटा भाऊ, माझे दीर, मेंढरं घेऊन तिथून जायचे आणि थांबून बघत राहायचे.

एकदा ते मला म्हणाले, "वैनी, काठीनं मेंढरं हाकायची सोडून ह्यो बॉल हाकतोय. फौजेत डोक्याला मार बसला का काय?"

मी हसले, पण पुढच्याच रविवारी डबा घेऊन गेले असताना कंटाळा आला म्हणून क्लब हातात घेतला. पहिले दोन फटके नुसते वाऱ्यावर गेले. तिसरा असा बसला की चेंडू पार ओढ्यापलीकडं जाऊन पडला आणि दिरांचा मेंढा दचकून उधळला. ह्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"आता तू घरी बसायची न्हाईस," म्हणाले.

आणि मी खरंच बसले नाही. शाळा सुटली, शनिवार आला, की आम्ही माळावर. लांबचा फटका माझा आणि जवळचं काम ह्यांचं, अशी आमची आपोआप वाटणी झाली. मी जोरात मारायची. हे वाकून जमीन बघायचे, टाचेनं दाबून बघायचे आणि चेंडू असा गडगडत सोडायचे की तो गाईसारखा घर शोधत जायचा.

मग ह्यांना अर्धांगाचा झटका आला. दाढी करताना हातातून रेझर पडलं, आणि मी धावत गेले तेव्हा तोंड वाकडं झालं होतं. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा जीव वाचल्याचा आनंद होता, पण माणूस गप्प झाला होता. शब्द फुटायचे, पण एक एक, विहिरीतून ओढून काढल्यासारखे. कुणी भेटायला आलं की हे भिंतीकडं तोंड करायचे.

ह्यांचे एक जिवलग दोस्त आहेत. मलकापुरात लेथ मशीनचं वर्कशॉप चालवतात. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या लोखंडाचंच काम. शुक्रवारी वर्कशॉप बंद, म्हणून ते दर शुक्रवारी यायचे, चहा प्यायचे आणि एकटेच बोलत बसायचे. एका शुक्रवारी जाताना त्यांनी कोपऱ्यातला ह्यांचा पटर, म्हणजे चेंडू होलात ढकलायचा तो छोटा क्लब, न विचारता उचलून नेला. पुढच्या खेपेला परत आणला तेव्हा दांडा आखूड केलेला आणि मुठीवर सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून ती जाड केलेली.

"सुभेदार," ते म्हणाले, "उजवा हात रजेवर हाय, कबूल. पर डाव्याला फुकट पगार द्यायचा का?"

हे हसले. किती तरी दिवसांनी हसले, वाकड्या तोंडानं, पण आवाज करून. मी स्वयंपाकघरात गेले आणि पदर डोळ्यांना लावला.

त्या दिवसापासून अंगणात स्टीलची वाटी आडवी ठेवून हे डाव्या हातानं चेंडू ढकलू लागले. आधी मी कमरेला धरून उभी राहायची. मग नुसती काठी धरायची. मग काठी पायरीला टेकवून मी बाजूला बसायला लागले. पावसाळा सरल्यावर आम्ही माळावर गेलो. हे एका होलपर्यंत चालले आणि दगडावर बसले. दिवाळीनंतर दोन झाले, शिमग्यापर्यंत तीन, उन्हाळ्यात सहाही. जिभेपेक्षा पाय लवकर सुधारले.

अशात लेकीचं बोलावणं आलं. तिला पप्पांचं वेड ठाऊक, म्हणून एका संध्याकाळी तिनं फोनच्या पडद्यावर आम्हाला दोन मैदानं दाखवली. गोल्फ मुळात तिकडंच समुद्राकाठी सुरू झालं. शेती आणि समुद्र यांच्यामध्ये जी वाळूची, उंचसखल, झाड नसलेली पट्टी असते, ना नांगराच्या कामाची ना घराच्या, तिथं. त्या मैदानांना लिंक्स म्हणतात. तिनं काढलेली दोन्ही लिंक्स देशाच्या पार उत्तरेला, माणसांपासून लांब. पण दिशा वेगवेगळ्या, आणि तिची रजा थोडी. दोन्हींतलं एकच जमणार होतं.

"पहिलं बघा," लेक म्हणाली. "अठरा होल, नावाजलेलं. बसून फिरायला छोटी गाडी मिळते. आत गरम जेवण आहे, आणि दवाखानाही फार लांब नाही. मी तिथं वेळ मागून ठेवलीय."

"आणि दुसरं?" मी विचारलं.

"दुसरं बेटावर. फेरीबोटीनं जायचं. नऊ होल. तिथं कुणीच नसतं, गाडी मिळत नाही, सगळं पायी. वारा एवढा असतो की बोट निघेल की नाही ते सकाळी कळतं. मैदानात मेंढ्या चरत असतात."

ह्यांनी डावं बोट फोनच्या काचेवर टेकवलं. बेटावर.

"पप्पा, उगाच नको ना."

"मेंढरं," हे म्हणाले. तेवढंच.

मी लेकीच्या बाजूनं होते. परक्या मुलखात, वाऱ्यात, ओल्या गवतात हे पडले तर? दोस्तांना विचारलं, तर ते म्हणाले, "वैनी, मी लोखंड जाणतो, समुद्र न्हाई. तिथं जाऊन बघा आणि मग ठरवा." दीर म्हणाले, "मेंढरं बघायला एवढं इमानाचं तिकीट? हितं फुकट दावतो की!" शेवटी पहिलंच मैदान पक्कं केलं. बॅगेत आखूड पटर मात्र त्यांनी स्वतः ठेवला, सर्वांत खाली, स्वेटरांच्या घडीत.

तिकडं पोचल्यावर दोन दिवस लेकीकडं विसावलो आणि मग जावयांच्या गाडीतून उत्तरेला निघालो. गाव संपलं, झाडं संपली. रस्ता एका गाडीपुरता झाला. समोरून कुणी आलं की एकानं बाजूच्या खोबणीत थांबायचं आणि दुसऱ्यानं हात वर करून जायचं. पाटण सोडून कोयनानगरकडं चढताना लागतात तशी वळणं. हे पुढच्या सीटवर ताठ बसून खिडकीबाहेर बघत होते. शेवटी समुद्र दिसला. आपल्या रत्नागिरीचा दिसतो तसा नाही. करडा, जाड, घासलेल्या लोखंडी तव्यासारखा.

पहिलं मैदान खरोखर देखणं होतं. वाळूच्या टेकड्यांमधून गवताच्या वाटा, लांबवर छोटे झेंडे, दगडी क्लबहाउस. तिथला माणूस फार अदबीनं बोलला. त्यानं छोटी गाडी दारात आणून उभी केली, सीटवर घडी घातलेलं ब्लँकेटसुद्धा ठेवलं. जावयांनी ह्यांना धरून बसवलं. लेक शेजारी बसली, चालवायला.

गाडी सुरू व्हायच्या आत हे माझ्याकडं बघायला लागले. तो चेहरा मी ओळखत होते. दवाखान्यातून आणलं त्या दिवशी व्हीलचेअरमध्ये बसवलं होतं, तेव्हा तो होता.

"उतरीव," हे म्हणाले.

"पप्पा, काय झालं? दुखतंय का?"

"चालायचं हाय," हे म्हणाले. मग बराच वेळ शब्द जमवून, "मला... चालत... खेळायचं हाय."

लेकीनं माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं, आई समजूत घालेल. मलाही आधी तसंच वाटलं. मैदान समोर, वेळ ठरलेली, ब्लँकेट घडी घातलेलं. पण अठरा होल चालणं ह्यांना झेपणारं नव्हतं, आणि गाडीत बसून खेळणं त्यांना नको होतं. नऊ मात्र झेपतील, असं मला त्याच क्षणी वाटलं. का वाटलं ते सांगता येत नाही. माळावरचे ते एक एक वाढत गेलेले होल माझ्या डोळ्यांदेखत वाढले होते. माझ्याइतकं ते कुणी बघितलं नव्हतं, ह्यांनी स्वतःसुद्धा नाही.

"आवं, उतरा," मी म्हणाले आणि हात दिला. जावयांना म्हटलं, "गाडी वळवा. बोट कधी सुटते बघा."

"आई!" लेक म्हणाली.

"मी आहे ना. पडले तर मी उचलीन. उचललंय आधी."

त्या अदबीच्या माणसाला लेकीनं काय सांगितलं कोण जाणे. त्यानं ह्यांच्याशी हात मिळवला, डावा हात, आणि हसला.

वाटेत एक रात्र काढून दुसऱ्या दिवशी धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट सुटणार की नाही याची चर्चा चालली होती. वारा होता, पण सुटली. समुद्रावर मी दोन्ही हातांनी बाक धरून बसले. लेक पिवळी पडली, जावई डोळे मिटून बसले. हे एकटे लोखंडी कठड्याला धरून उभे, चेहऱ्यावर पाणी उडतंय आणि हे हसतायत.

बेटावरचं मैदान म्हणजे आमचा माळच, फक्त हिरवा. झाड नाही, सावली नाही, एका बाजूला पांढरी वाळू आणि खाली समुद्र. कुंपणाच्या भिंतीत एक पेटी, तिच्यात खेळायची फी टाकायची. माणूस नाही. मेंढ्या मात्र भरपूर. होलभोवतालच्या गवतावर त्यांनी जाऊ नये म्हणून तारा लावलेल्या.

पहिल्या होलकडं चाललो होतो, तेवढ्यात समोरून दोन म्हातारी माणसं आली. बहीण आणि भाऊ, दोघंही सत्तरीपुढचे. बहीणच या मैदानाचं गवत कापायची. लेकीनं आमची हकीकत सांगितली. बहिणीनं ह्यांच्याकडं, मग आखूड पटरकडं, मग माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "जोडी जोडीनं सामना खेळायचा का? जोडीला एकच चेंडू, आळीपाळीनं मारायचा." होलचा पहिला फटका नेहमी मीच मारायचा, अशी सूट तिनं आपणहून दिली.

लेकीनं भाषांतर केलं तसे हे ताठ उभे राहिले, परेडला राहतात तसे.

"खेळू," म्हणाले.

पहिला होल आम्ही हरलो. माझा चेंडू वाऱ्यानं उचलून समुद्राकडं नेला. दुसराही हरलो. बहीण उंच मारतच नव्हती. तिचा चेंडू कमरेएवढ्या उंचीवरून जायचा, पडला की पळत सुटायचा. हे थांबून बघत होते. मग माझ्याजवळ आले.

"वर मारू नगंस," म्हणाले. "आपल्या माळावर... वारं सुटल्यावर... कशी मारतीस?"

मी कपाळावर हात मारून घेतला. आषाढात पवनचक्क्या गरगर फिरत असताना आम्ही दोघं चेंडू वर जाऊच देत नव्हतो! परमुलखात आल्यावर पडद्यावर बघितलेले फटके मारत सुटले होते मी.

तिसऱ्या होलला चेंडू खाली ठेवला. तो टणक गवतावरून उड्या मारत सरळ गेला. ह्यांनी डाव्या हातानं पुढचा फटका मारला, जोर फार नव्हता, पण दिशा सुतात. तो होल जिंकलो. चौथा बरोबरीत. पाचव्याला वाटेत मेंढ्या आडव्या बसलेल्या. ह्यांनी तोंडानं टकटक केलं, मग लहानपणचा "हुर्रर्र" असा मोठा आवाज काढला. मेंढ्यांनी माना वर करून बघितलं आणि परत रवंथ करू लागल्या.

"मराठी येत न्हाई त्यास्नी," हे म्हणाले.

लेक तिथंच गवतावर बसून हसू लागली, आणि हसता हसता रडू लागली. तिनं बापाचा विनोद किती तरी दिवसांत ऐकला नव्हता. तो होल आम्ही जिंकला आणि सामना बरोबरीत आला.

पुढं हे पाय ओढत चालू लागले. मी विचारलं, बसायचं का. मान हलवून नाही म्हणाले. भावानं स्वतःची काठी दिली, ती घेतली. सहावा त्यांनी जिंकला, सातवा आम्ही, आठवा बरोबरीत. नवव्यावर सगळा निकाल.

नववा होल आखूड, एका फटक्यात पोचण्यासारखा. पण वारा तोंडावर, आणि होलच्या अलीकडं एक खोलगट जागा नि तिच्यापुढं उंचवटा. भावानं पहिल्याच फटक्यात चेंडू होलच्या गवतावर नेऊन ठेवला. माझा चेंडू थोडा डावीकडं गेला आणि नेमका खोलगटात जाऊन बसला. तिथून झेंड्याचं नुसतं टोक दिसत होतं.

जावयांनी खांद्यावरच्या पिशवीतून चेंडू वर उचलायचा क्लब काढून पुढं केला. ह्यांनी तो बाजूला सारला आणि पटर मागितला.

"पप्पा, एवढ्या लांबून ढकलून?" लेक म्हणाली.

हे उतारावरून सावकाश उतरले. टाचेनं जमीन दाबली, एकदा, परत एकदा. उंचवट्यापर्यंत चालत गेले, पलीकडं बघितलं, परत आले. मग भावाची काठी माझ्या हातात दिली आणि कुणालाही न धरता उभे राहिले. वाऱ्यानं विजार पायांना चिकटली होती. डावा हात मागं गेला.

चेंडू चढण चढला, उंचवट्याच्या माथ्यावर जवळजवळ थांबला, आणि पलीकडं नाहीसा झाला. होलजवळ उभ्या असलेल्या भावानं काहीतरी मोठ्यानं ओरडून टोपी हवेत फेकली. मी काठी टाकून वर धावले. चेंडू होलापासून हातभर अंतरावर उभा होता.

आता त्यांची पाळी. बहिणीनं ढकललेला चेंडू वाऱ्यानं होलच्या काठावरून पुढं नेला. भावाचा परतीचा फटका बोटभर हुकला. बहीण मला म्हणाली, राहू दे, जिंकलात तुम्ही. मी थांबणारच होते, तेवढ्यात मागून आवाज आला. हे उंचवट्यावर चढून आले होते, धापा टाकत.

"आत घाल गं. अर्धवट ठिवू नगंस."

मी त्यांच्याकडून पटर घेतला. अंतर हातभरच होतं. चेंडू आत पडल्याचा आवाज त्या वाऱ्यातही ऐकू आला.

मी त्या बहिणीच्या गळ्यात पडले. जावई आणि भाऊ एकमेकांच्या पाठी थोपटत होते. हे मात्र मैदानाकडं तोंड करून उभे होते, नऊच्या नऊ झेंड्यांकडं, एक एक बघत. मी जवळ गेले.

"चाललो," हे म्हणाले. "समदं चाललो."

"व्हय," मी म्हटलं. "आणि जिंकलो पण."

बहिणीनं घरी चहाला नेलं. छोटं दगडी घर, तिकडं जळणाला वापरतात त्या वाळवलेल्या मातीचा चुलीतून धुमसणारा वास, खिडकीतून समुद्र. बाहेर संध्याकाळ झाली तरी उजेड कमी होत नव्हता. तिनं लोण्याबरोबर गरम चपट्या पोळ्यांसारखं काही दिलं. मी दोन खाऊन तिसरं घेतलं.

भाऊ आणि हे चुलीपाशी शेजारी बसले होते. भावानं त्याच्या बेटावरच्या भाषेत काही विचारलं. ती इंग्रजी नव्हती, लेकीलाही कळली नाही. ह्यांनी मान हलवली आणि बोलायला लागले. मेंढरं कशी राखायची, पावसाळ्यात कळप घेऊन कुठं उतरायचं, कोणतं मेंढरू लबाड आणि कोणतं गरीब, थोरल्या मेंढ्याचं नाव काय होतं. अडखळत होते, शब्द शोधत होते, सापडला नाही तर दुसरा घेत होते, पण थांबत नव्हते. झटक्यानंतर एका दमात एवढं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. भाऊ त्याच्या भाषेत उत्तर देत होता, त्याच्याही मेंढ्यांबद्दलच असावं. दोघांनाही एकमेकांचा शब्द कळत नव्हता, आणि दोघंही माना डोलवत होते.

लेक मधे पडून भाषांतर करायला उठली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.